औट घटकेतला 'औट' क्रिकेटचा नव्हे

आर्णी तालुक्यातल्या एका दुर्गोत्सव मंडळाने सामान्यज्ञान स्पर्धा घेतली. त्यात प्रश्न होता : 'औट घटकेचे राज्य' म्हणजे नेमका किती वेळ? एका चमूने 'साडेतीन घटका' सांगितलं आणि सूत्रसंचालकांनी त्यांचा गुण कापला. त्यांच्या मते उत्तर 'अर्धा दिवस', कारण हुमायूनने भिश्त्याला तेवढाच वेळ गादीवर बसवलं होतं. 'औट' का, तर गादीवरून आऊट झाला म्हणून! मंडळातल्याच एका वाचकाने विचारलंय, की खरं कोणाचं.

पोरांचं खरं. औट म्हणजे साडेतीन. घटका चोवीस मिनिटांची, म्हणून औट घटका म्हणजे ८४ मिनिटं. 'अल्पकाळ टिकणारी सत्ता' हा लाक्षणिक अर्थ परीक्षेच्या कोणत्याही पुस्तिकेत सापडतो, त्यात वेळ घालवत नाही.

पण हा आऊट! गावोगावच्या फ्लेक्सवर आणि भाषणांत 'आऊट घटकेचे सरकार' वाचून-ऐकून आता डोकं उठलंय. ईस्ट इंडिया कंपनी १६०० साली निघाली. ज्ञानेश्वरी त्याच्या तीनशे वर्षं आधीची, १२९० ची. तिच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं वर्णन आहे : 'तैशी ते कुंडलिनी । मोटकी औट वळणी'. साडेतीन वेटोळी घालून निजलेली सर्पीण. ती कोणाच्या चेंडूवर आऊट झाली होती? तेराव्या अध्यायात देहाला शेत कल्पून ज्ञानदेव विचारतात, की हे 'औट हात मोटकें' म्हणजे जेमतेम साडेतीन हातांचं वावर 'बरड कीं पिके', आणि आहे तरी कोणाचं. 'बरड'चा अर्थ आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. औट मात्र आपण विसरलो.

भिश्त्याची गोष्टही तपासून घ्या. १५३९ मध्ये चौशाच्या लढाईत हरलेल्या हुमायूनला निजाम नावाच्या भिश्त्याने गंगेतून वाचवलं आणि त्याची बक्षिसी म्हणून त्याला तख्त मिळालं, हे खरं. पण अबुल फजल म्हणतो अर्धा दिवस आणि हुमायूनची बहीण गुलबदन म्हणते दोन दिवस. ८४ मिनिटं कोणीच म्हणत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. संस्कृत-प्राकृतात अर्ध्याचे आकडे पुढच्या पूर्ण आकड्याकडे बघून मोजायची चाल होती. अडीच म्हणजे 'अर्धतृतीय' : दोन पूर्ण झाले, तिसरा अर्धा. त्याचं प्राकृत अड्ढाइज्ज, आपलं अडीच, हिंदीतलं ढाई. मध्य प्रदेशात रूपनाथच्या शिलालेखात अशोक सांगतो, की उपासक होऊन मला अडीच वर्षांहून जास्त काळ झाला. तिथे शब्द आहे 'अढतिय'. तसंच साडेतीन म्हणजे 'अर्धचतुर्थ', चौथा अर्धा. प्राकृतात अद्धुट्ठ, आपल्याकडे औट, हिंदीत हूँठा.

इथे जर्मन पंडित पिशेल आडवा येतो. आपल्या १९०० सालच्या प्राकृत व्याकरणात त्याने अद्धुट्ठसाठी 'अर्धतुर्थ' असं एक रूप कल्पून ठेवलंय. कशाला? दोन स्वरांमधला 'च' प्राकृतात सर्रास गळतो. सूचीची सुई झाली ती तशीच. पण तेवढ्याने इथे भागत नाही : 'चतुर्थ'मधला 'च्' गळला तरी त्याचा 'अ' उरतो, आणि अद्धुट्ठमध्ये तो नाही. जर्मन पंडित कुठे न दिसलेलं रूप तारांकित करून (म्हणजे पुढे * लावून) छापतात, ते अशाच अडचणीपायी.

गंमत म्हणजे त्यांच्याच भाषेत हीच मोजणी जिवंत आहे. जर्मन माणूस साडेतीन वाजले की 'हाल्ब फीअर' म्हणतो, म्हणजे अर्धे चार. रोमन नाणं सेस्टर्टियस, म्हणजे 'अर्धा तिसरा', कारण मुळात त्याची किंमत 'आस' नावाच्या अडीच नाण्यांइतकी होती. डॅनिश लोक पन्नासला 'हाल्वट्रेस' म्हणतात : अर्धा तिसरा गुणिले वीस. करा हिशेब, पन्नासच येतात.

आपल्याकडे पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी यांच्या रांगेत औटकीही होती. तो साडेतीनचा पाढा : दोनाला सात, तीनाला साडेदहा, चाराला चौदा. पाढा गेला आणि त्याबरोबर शब्दाचा अर्थही गेला.

मग राज्याला औटच घटका का, सव्वा का नाही? माझं मत सांगतो, पटो न पटो. साडेतीन हे माणसाचं माप आहे. देह औट हात, कुंडलिनी औट वळणांची. देहाइतकीच सत्ताही नश्वर, हे सांगायला कोणीतरी हातांचं माप घटकांना लावलं असावं. मोठमोठे कोश इथे 'थोडा वेळ' एवढं लिहून पुढे सरकतात, याचा मला राग आहे.

शब्दशः घ्यायचं, तर हा वाक्प्रचार आज कोणालाच लागू पडत नाही. नोव्हेंबर २०१९ मधल्या ज्या सरकारला सगळ्यांनी औट घटकेचं म्हटलं, ते साधारण ८० तास टिकलं. म्हणजे २०० घटका!

मंडळाला पुढच्या वर्षी प्रश्न हवे असतील, तर साडेतीनांतच भरपूर आहेत. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांत आपल्या नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे पूर्ण शहाणे, सोबत सखारामबापू बोकील आणि निजामाकडचे विठ्ठल सुंदर. पुण्याचे नाना फडणीस मात्र अर्धे, कारण त्यांना तलवार चालवता येत नव्हती म्हणे. हा प्रश्न विदर्भात विचारायलाच हवा. साडेतीन शक्तिपीठांतलं माहूर तर तुमच्या पैनगंगेपलीकडेच. फक्त अर्धं पीठ विचाराल तेव्हा 'नाशिक जिल्ह्यातली वणी' असं स्पष्ट लिहा. नाहीतर यवतमाळची पोरं कोळशाच्या वणीत सप्तशृंगी शोधतील, आणि तुम्ही पुन्हा गुण कापाल.