रायझन ५ ३६०० या प्रोसेसरवर सोबत आलेल्या पंख्याऐवजी वेगळा कूलर लावतोय. फरक नीट कसा तपासू?

आधी खोलीचं तापमान लिहून ठेवा, नाहीतर बाकीचे आकडे फुकट. डिसेंबरच्या रात्रीचे ७० अंश आणि मेमधल्या दुपारचे ७८ यांची तुलनाच होत नाही. प्रोसेसरच्या तापमानातून खोलीचं वजा करा आणि उरेल ते ताडून बघा.

दोन्ही कूलरवर सिनेबेंच आर२३ या भार टाकणाऱ्या प्रोग्रॅमची मल्टी-कोर (सगळे कोर वापरणारी) चाचणी १० मिनिटं चालवा. कॅबिनेटचं झाकण दोन्ही वेळा लावलेलंच असू द्या. एचडब्ल्यूइन्फो या आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तापमानासोबत क्लॉक (प्रोसेसरचा वेग), वॅट आणि पंख्याचा वेगही नोंदवा. ३६०० वर ६५ वॅट लिहिलंय, पण मूळ सेटिंगमध्येही तो ८८ वॅटपर्यंत ओढू शकतो. शिवाय थंड राहिला की क्लॉक जरा वर नेतो, त्यामुळे नुसत्या अंशांत फरक कमी दिसू शकतो. काम नसतानाचं तापमान सोडून द्या. या चिपचं ते उगाच उड्या मारतं.

माझ्या मते पैसे वसूल होतात ते आवाजात. सोबत आलेला व्रेथ स्टेल्थ हा अ‍ॅल्युमिनियमचा बुटका कूलर, भार आला की पंखा किंचाळतो. म्हणून आणखी एक फेरी घ्या: नव्या कूलरचा पंखा जुन्याइतकाच ऐकू येईल असा ठेवून मोजा.

जुना काढण्याआधी मशीन थोडा वेळ भाराखाली चालवा, मग बंद करून प्लग काढा आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत उचला. प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट थंड असली की घट्ट धरते, आणि एएम४ मध्ये (३६०० बसतो त्या सॉकेटमध्ये) प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून वर येतो.