घड्याळ नको, तिथी बघा

प्रश्न : सर, जानेवारीत संकष्टी आटोपून दोन दिवसांनी आम्ही घरचे सहा जण अलिबागजवळच्या आक्षीला गेलो. तिथे पक्षी खूप दिसतात असं ऐकून दुर्बीण मुद्दाम सोबत घेतली होती. नऊ वाजेला पोहोचलो, एक वाजेपर्यंत थांबलो. पक्षी होते, पण पार लांब, पाण्याच्या कडेला ठिपक्यांसारखे. आमच्याकडे हतनूर धरणावर यापेक्षा जवळून दिसतात. आमचं काय चुकलं?
– एक वाचक, रावेर

उत्तर : ताई, संकष्टी लिहिलीत म्हणून उत्तर सोपं झालं. संकष्टीनंतर दोन दिवस म्हणजे षष्ठी. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे त्या पहाटे साडेचारच्या सुमारास समुद्र भरला आणि सव्वासहा तासांनी, पावणेअकराला, पुरता ओसरला. तुम्ही पोहोचलात तेव्हा पाणी मागे चाललं होतं आणि पक्षी त्याच्या पाठोपाठ, कारण त्यांचे किडे, शिंपले, खेकडे त्या ताज्या ओल्या पट्ट्यातच असतात. तीनपर्यंत थांबला असतात, तर पाच वाजेच्या भरतीनं तेच पक्षी तुमच्या पुढ्यात आणले असते.

आपण हतनूरवर शिकलेली माणसं. तिथलं पाणी पावसावर आणि धरणाच्या ४१ दरवाजांवर चढतं-उतरतं, आणि पक्षी बघायचे तर सकाळ गाठायची, एवढंच आपल्याला ठाऊक. मीही पहिली तीन वर्षं तेच केलं. समुद्रावर मात्र भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. म्हणून निघण्याआधी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर बघा. माझी आवडती तिथी द्वादशी, शुद्ध असो की वद्य. बाराची पाऊणपट नऊ. सातला वाळूवर जाऊन बसायचं, पाणी चढत येतं, आणि समुद्र पश्चिमेला असल्यानं ऊन आपल्या पाठीवर, पक्ष्यांच्या अंगावर. हिशेब अंदाजाचाच आहे, म्हणून थोडं आधी पोहोचा, आणि खाडीत आत भरती उशिरा पोहोचते हेही धरून चाला.

अशाच एका सकाळी सुरूच्या झाडाखाली बसलो असताना एक कोरल पक्षी माझ्यापासून वीसेक पावलांवर आला. कोंबडीएवढा, मातकट, खाली वळलेली वीतभर चोच. त्यानं ती चोच वाळूत जवळजवळ डोळ्यांपर्यंत खुपसली, मान जराशी फिरवली आणि खेकडा ओढून काढला. लगेच गिळला नाही. धरून झटकत राहिला, एकेक पाय तुटून पडला, मग धड गिळलं. शेजारी चिखल्या पक्षी होते, आखूड चोचीचे, दोन पावलं पळायचं, थांबायचं, वरचं टिपायचं. एकाच वाळूत एकाचं ताट वर वाढलेलं, दुसऱ्याचं खाली. हे बघायला मी भुसावळहून पुन्हा पुन्हा जातो.

दोन गोष्टी मनापासून सांगतो. भरती पूर्ण आली की पक्षी कोरड्या वाळूवर एका पायावर, चोच पिसांत खुपसून उभे राहतात. फोटोसाठी त्यांना उडवू नका, मुलांनाही मागे धावू देऊ नका. यातले कितीतरी पक्षी सायबेरियाकडून आलेले असतात आणि फेब्रुवारी-मार्चनंतर तेवढंच परत जायचं असतं. त्यासाठीची चरबी ते इथेच साठवतात. दुसरं, पाण्यातल्या उंचवट्यावर चालत जाऊ नका. भरतीचं पाणी आधी तुमच्या मागच्या खोलगट जागेत शिरतं, आणि समोर बघणाऱ्याला ते कळत नाही.

तोवर हतनूरलाच तयारी करा. उन्हाळ्याकडे पाणी उतरून चिखल उघडा पडतो, तिथे शेकाट्या, तुतवार, चिखल्या चरताना दिसतात. कोण वरचं टिपतो आणि कोण खोल खुपसतो, एवढंच तासभर बघून वहीत लिहा. आक्षीला जाताना ती वही सोबत घ्या.