लात्व्हियाचा झेंडा: लाल, मरून की किरमिजी?

प्रश्न असा आहे: मुलीच्या शाळेच्या प्रकल्पात लात्व्हियाच्या झेंड्याचं वर्णन लिहायचंय. एका ठिकाणी ‘गडद लाल’, दुसरीकडे ‘मरून’, तिसरीकडे चक्क ‘तपकिरी’ सापडलं. मराठीत नेमका शब्द कोणता?

किरमिजी लिहा. लात्व्हियाच्या कायद्यातच या रंगाला ‘कार्मीनसार्कान्स’ म्हटलंय. त्यातला ‘सार्कान्स’ म्हणजे तांबडा आणि ‘कार्मीन’ म्हणजे आपला किरमिजीच. हे नुसतं भाषांतर नाही, दोन्ही शब्द एकाच घरचे आहेत. भूमध्य सागराकाठच्या ओकच्या झुडपांवर मटाराच्या दाण्याएवढी एक कीड चिकटून बसते. दिसते इतकी फळासारखी, की ग्रीक लोक तिला फळच समजत. ती वाळवून कुटली की गर्द तांबडा रंग निघतो. फारसीत ‘किर्म’ म्हणजे किडा. त्यावरून अरबीत ‘किर्मिझ’, आणि तिथून एक वाट युरोपात ‘कार्मीन’कडे गेली, दुसरी आपल्या ‘किरमिजी’कडे आली. हा ‘किर्म’ संस्कृत ‘कृमि’चा सख्खा भाऊ. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे लात्व्हियाच्या शेजारच्या लिथुआनियन भाषेत आजही किड्याला ‘किर्मिस’ म्हणतात!

या झेंड्याचा पहिला उल्लेख तेराव्या शतकाच्या अखेरीच्या एका पद्यबखरीत येतो. त्सेसिस या लात्व्हियातल्या गावाकडचे लढवय्ये तांबड्यावर पांढरा पट्टा असलेलं निशाण घेऊन निघाले, असं त्यात आहे. दंतकथा याहून प्रसिद्ध आहे: जखमी सरदाराला पांढऱ्या कापडात गुंडाळलं, तो निजला होता तेवढा मधला भाग पांढरा राहिला आणि दोन्ही कडा रक्ताने भिजल्या. ऑस्ट्रियाच्या झेंड्याचीही अशीच कथा सांगतात, पण तिथे रक्ताळलेल्या अंगरख्यावर कमरपट्ट्याखालची जागा पांढरी राहते. दोन्ही झेंडे तांबडा-पांढरा-तांबडा असे, म्हणून त्यांची गल्लत होते. ओळखायची खूण पट्ट्यांत आहे. ऑस्ट्रियाचे तिन्ही सारखे, लात्व्हियाचे २:१:२. झेंडा एक मीटर उंच असेल तर वर ४० सेंटीमीटर किरमिजी, मध्ये फक्त २० पांढरं, खाली पुन्हा ४०. सध्याचं रूप १९१७ मध्ये आन्सिस त्सीरुलिस या चित्रकाराने आखलं, आणि १९२१ मध्ये त्याला कायद्याची मान्यता मिळाली.

‘लाल’ लिहिलं तर काय बिघडलं, असं कुणी विचारेल. माझ्या मते बरंच बिघडतं. १९४० मध्ये सोव्हिएत सत्ता आली आणि या झेंड्यावर बंदी पडली. त्याच्या जागी आला तो लाल बावटा, विळा-हातोड्याचा. सोव्हिएत राजवटीत कित्येक वर्षं घरात हा जुना झेंडा सापडणं म्हणजे गुन्हा. १९९० च्या फेब्रुवारीत तो पुन्हा अधिकृत झाला. म्हणजे एका तांबड्याने दुसऱ्या तांबड्याला दडपलं होतं, आणि आपण दोघांनाही ‘लाल’ म्हणून मोकळं व्हायचं? तो फरक सांगणारा शब्द आपल्याकडे असताना तो वापरायलाच हवा.

किरमिजी म्हटल्यावर काहींच्या डोळ्यांपुढे जांभळट छटा येते, आणि झेंड्याचा रंग किंचित तपकिरीकडे झुकतो, हे खरं. ‘गडद किरमिजी’ लिहिलं की ती अडचणही राहत नाही.

आणि मुलीला हेही सांगा: ‘तांबडा झेंडा, तांबडी पट्टी, तांबडे पट्टे’ असा तांबडा बदलतो, किरमिजी मात्र तिन्हीकडे किरमिजीच.