वाईन शिकायला निघालीस, पण वेल बघून ये

प्रिय पोरी,

तुझा फोन झाला, मग तुझ्या वडिलांचाही झाला. ऑगस्टच्या शेवटाला तू पोर्तुगालला निघणार, डोरो नदीच्या खोऱ्यात एका जुन्या घराण्याच्या मळ्यावर तोडणीचा सीझन धरून काम करणार, हे ऐकून लई बरं वाटलं. अथणी-तेलसंगकडची पोरं अरभावीच्या कॉलेजात हॉर्टिकल्चर करतात आणि पुढं शेतीच्या औषध कंपनीत नोकरी धरतात, तू परत बागेकडंच वळलीस याचा मला मनापासून आनंद आहे. फोनवर सगळं बोलणं होत नाही म्हणून लिहायलोय, लांबलं तर दोन टप्प्यात वाच.

आधी घरचं मिटवूया. तुझ्या आज्जीला काळजी लागलीय की पोरगी दारूच्या कारखान्यात चालली, भावकी काय म्हणेल. तिला सांग, वाईनची परीक्षा करणारी माणसं घोट तोंडात घोळवतात, वास घेतात आणि थुंकून टाकतात, सगळीकडं तीच पद्धत आहे, गिळलं तर दहाव्या सॅम्पलला जीभ कामाची राहत नाही. तुला गिळायचं नसलं तर नको गिळू, कुणी काही म्हणणार नाही. आणि आपल्याकडं वाईन म्हटलं की लोकांना काय म्हाईत, चोर्ला घाटातून येताना गोव्याहून आणलेली ती गोड पोर्ट वाईनची बाटली. खरी पोर्ट ज्या खोऱ्यातली तिथंच तू निघालीस. द्राक्षाचा रस आंबायला लागला की निम्म्या वाटेवर त्यात ७७ टक्क्याचं द्राक्षाचंच स्पिरिट ओततात, आंबणं तिथंच थांबतं आणि उरलेली साखर वाईनमध्ये राहते, म्हणून ती गोड आणि म्हणून ती १९-२० टक्क्यांची कडक. आंबायला दोन-तीन दिवसच मिळतात, तेवढ्यात सालीचा सगळा रंग काढायचा असतो, म्हणून दगडी हौदात रांगेनं उभं राहून पायानं तुडवायची रीत पडली. काही मळ्यांत अजून तुडवतात. गोव्यात फेणीसाठी काजूची बोंडं अशीच तुडवायचे, तेव्हा तिथं बिचकू नकोस, पाय धुऊन उतर हौदात.

आता मुख्य मुद्दा. तू म्हणालीस की वाईन बनवायचं टेक्निक शिकून येते आणि इकडं काहीतरी सुरू करते. टेक्निक तू शिकशीलच, यीस्ट, तापमान, सल्फर हे पुस्तकात पण आहे. माझं म्हणणं एवढंच की शे-दीडशे वर्षं एकाच घरात राहिलेल्या मळ्यात जाऊन बघायचं ते तळघर नाही, तर त्या लोकांना आपला एकेक वेल ओळखू कसा येतो ते. ते कुठल्या कोर्समध्ये मिळत नाही, ते त्या माणसांच्या मागं मागं ओळीतनं चालल्याशिवाय कळत नाही.

त्या भागाचं थोडं सांगतो म्हणजे कशाकडं बघायचं ते लक्षात येईल. डोरोच्या पश्चिमेला मारांव म्हणून डोंगररांग आहे, अटलांटिकचा पाऊस ती अडवते, आपल्या सह्याद्रीनं खानापूर भिजवावं आणि अथणी कोरडी ठेवावी तसंच. तिकडचे लोक म्हणतात, नऊ महिने थंडी आणि तीन महिने नरक, उन्हाळ्यात ४० च्या वर जातं. माती नावाला, खाली सगळा पापुद्र्याचा खडक, त्याचे थर उभे चिरलेले, त्या फटीतनं मुळ्या खोल पाण्याच्या मागं जातात. जुन्या बागा बहुतेक कोरडवाहू. डोंगर फोडून हातानं दगड रचून बांध घातलेत आणि त्या बांधांवर बागा. १७५६ मध्ये पोंबाल या पोर्तुगालच्या मंत्र्यानं या खोऱ्याची हद्द ठरवून दिली, पुढं दगड रोवून ती आखली, कुठल्या जमिनीतल्या द्राक्षाला पोर्ट म्हणायचं ते तेव्हापासून ठरलेलं. २००१ मध्ये युनेस्कोनं हे सगळं जागतिक वारशात घेतलं, पण ते देऊळ म्हणून नाही हां, कसतं शेत म्हणून.

मग १८६० च्या पुढं तिथं फिलॉक्सेरा आला. मुळं खाणारी बारीक कीड, अमेरिकेतून युरोपात आलेली, बागाच्या बागा वाळल्या. काही बांध तेव्हा सोडून दिले ते अजून तसेच पडून आहेत, त्यावर ऑलिव्ह आणि झुडपं वाढलीत, तुला ते दाखवतील. उपाय शेवटी अमेरिकेतल्याच जंगली वेलाच्या खुंटावर कलम करणं. आपण द्राक्षाच्या कलमाला खाली डॉगरीज जातीचा खुंट वापरतो तो पण अमेरिकन घराण्यातलाच, फक्त आपलं कारण वेगळं, आपल्याला क्षारपड जमीन आणि पाण्याचा तुटवडा होता. त्या वाईट काळात तिथं दोना अंतोनिया फेरैरा नावाची बाई होती, १८११ चा जन्म, तरुणपणी विधवा झाली आणि घराण्याच्या बागा तिनं स्वतः चालवल्या, वाढवल्या, किडीच्या दिवसांत सुद्धा नवीन मळा उभा केला, १८९६ ला गेली तोवर. तिच्या वंशजांकडं त्यातला मळा अजून आहे. तुझ्या वडिलांना हे आवर्जून सांग, बाग भावाच्या नावावर जाणार आणि तू फक्त शिकणार असं काही त्यांच्या डोक्यात असलं तर.

जुन्या बागेत एका ओळीत चालताना तुला दिसेल की शेजारशेजारचे वेल एका जातीचे नाहीतच. वीस-तीस, कधी त्याहून जास्त जाती मिसळून लावलेल्या, एकाच दिवशी तोडतात आणि एकत्र आंबवतात. कडक उन्हाचं साल असलं तर एक जात सांभाळते, पाऊस लागला तर दुसरी. मग १९८१ च्या सुमारास रोझास आणि निकोलाऊ द अल्मेडा या मामा-भाच्यांनी अभ्यास करून पाच जाती पुढं आणल्या, टुरिगा नासिओनल, टुरिगा फ्रांका, टिंटा रोरिझ, टिंटा बरोका आणि टिंटो काओ, आणि एका प्लॉटला एक जात अशी लावण सुरू झाली. त्यात फायदा झाला, बरोका उन्हात सुकते म्हणून तिला थंड उतार, फ्रांका उशिरा पिकते म्हणून तिला ऊन, असं जागा बघून लावता आलं. पण मिसळीच्या बागा ज्यांनी उपटल्या नाहीत त्यांच्याकडं आज जी ठेव आहे ती नर्सरीत मिळत नाही. माझं मत विचारशील तर दोन्ही बरोबर होतं, पण उपटलेलं परत येत नाही, म्हणून मी नेहमी न उपटणाऱ्याच्या बाजूनं.

टुरिगा नासिओनलचं उदाहरण तर मुद्दाम विचार त्यांना. बारका घड, बारके मणी, माल इतका कमी की लोकांनी लावायची सोडली होती. १९७८ पासून पोर्तुगालमध्ये त्यांनी देशभरच्या जुन्या बागा फिरून एकेका जातीचे वेगवेगळे वेल गोळा केले, त्यांची तुलना केली, आणि त्यातनं बरा माल देणारे निवडले. जात तीच, वेल वेगळा.

आता आपल्याकडं ये. लोक म्हणतात आपल्याला कुठली परंपरा, आपलं थॉमसन जातीचं द्राक्ष तर बाहेरनं आलेलं. आलं असेल की! पण तासगावात बोरगावच्या वसंतराव आर्वेंनी थॉमसनच्या बागेत वेगळा दिसलेला वेल धरला आणि तास-ए-गणेश ही जात झाली. सोलापुरात नान्नजच्या नानासाहेब काळेंनी सोनाका धरली, काळ्या द्राक्षात शरद सीडलेस धरली, तिथल्याच दाबडेंनी माणिक चमन. हे कुणी लॅबमध्ये बसून केलं नाही. ओळीतनं जाताना एका काडीवर मणी लांब दिसला, थांबले, खूण केली, पुढच्या छाटणीला तीच काडी जपली, कलम केलं, परत बघितलं. आपल्या बेदाण्याचा अख्खा धंदा ह्या नजरेवर उभा आहे आणि आपली पोरं जाताना मोबाईल बघत जातात. आपल्या भागाच्या जाती म्हणजे ह्याच, त्यांना शंभर वर्षं व्हायची आहेत एवढंच.

म्हणून तिथं गेल्यावर एक कर. तोडणीला ओळ लावून देतात तेव्हा घाई करू नको, घड तोडायच्या आधी पान उलटं करून बघ, मागं लव आहे का, देठाजवळची खाच उघडी की मिटलेली, मणी दाबून साल जाड की पातळ, बी चावून बघ, हिरवट तुरट लागतं की भाजल्यासारखं. मग शेजारच्या म्हाताऱ्या मजुराला जात विचार. मालक सांगेल ते छापील असतं, मजूर बरोबर सांगतो. भाषेची भीती ठेवू नको, आपल्या बागेत निम्मं बोलणं कन्नडात चालतं, तू दोन भाषांत वाढलीस, तिसरी कानावर पडली की जमते. आणि त्यांच्याकडं ओळीओळीची जुनी वही असते का ते विचार, कुठल्या साली कुठला वेल मेला आणि तिथं काय लावलं याची. असली तर परवानगी घेऊन तासभर तीच वाच.

एक फरक मात्र डोक्यात पक्का ठेव, नाहीतर तिथलं इथं उचलून आणशील आणि फसशील. तिथला वेल झोपतो. नोव्हेंबरात पानं गळतात, थंडीत एकच छाटणी, मार्चला फूट, सप्टेंबरात तोडणी. आपला वेल झोपतच नाही, आपण त्याला एप्रिलच्या खरड छाटणीनं काडी करायला लावतो, त्याच काडीच्या डोळ्यात उन्हाळ्यात घड तयार होतो, आणि ऑक्टोबरला फळछाटणी करून, डोळे फुटायची पेस्ट लावून त्याला जागं करतो. उन्हाळ्यात ढग राहिले, शेंडे आणि फेलफूट म्हणजे फालतू फुटवे वेळेवर काढले नाहीत तर ऑक्टोबरला काडी वांझ निघते किंवा घड जिरतो, हे तुला सांगायला नको. आणि तिथं द्राक्ष ऊन उतरत असताना पिकतं, आपलं पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी मऊ पडायला लागल्यावर ऊन चढत जातं, त्यामुळं साखर भराभर चढते आणि आंबट लवकर मरतं. बेदाण्याला ते चालतं, वाईनला नाही. म्हणून टुरिगा आणून अथणीत लावू हा विचार येईल तेव्हा आधी हे गणित मांड.

काड्या बॅगेत घालून आणायच्या नाहीत. मोह होईल, कुणी प्रेमानं देईल पण. आयात परवाना आणि क्वारंटाईनशिवाय लावणीचा माल आणणं कायद्यात बसत नाही, आणि कायदा राहू दे, एका काडीतनं व्हायरस आला तर अख्ख्या शिवाराचं नुकसान. जाती पाहिजेच असल्या तर पुण्याजवळच्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राकडून रीतसर विचारू.

धंद्याचं एक बघून ये. १९८६ पर्यंत पोर्ट परदेशी पाठवायची तर नदीच्या तोंडाशी गाया गावातल्या व्यापाऱ्यांच्या गोदामातूनच जावी लागायची, मळेवाल्याचं नाव बाटलीवर यायचंच असं नाही. कायदा बदलला आणि लहान घराण्यांना स्वतःच्या मळ्यातून थेट पाठवता यायला लागलं. आपला बेदाणा बघ, चार किलो द्राक्षाचा एक किलो होतो, डिपिंग करून म्हणजे द्रावणात बुडवून शेडमध्ये जाळीवर दोन आठवडे जीव टाकून वाळवतो, आणि सांगली-तासगावच्या सौद्यात गेला की तो फक्त एक लॉट नंबर. तिथली लहान घराणी हे १९८६ नंतर कसं उभं राहिली, बाटल्या कुठं भरतात, उधारी किती दिवसाची, मळ्यावर येणाऱ्या पाहुण्याला काय विकतात, हे हिशोबासकट विचार. कर्नाटकानं २००७ मध्ये वाईनचं धोरण आणलं, वाईन बोर्ड केलं, रस्ता आहे, पण त्या रस्त्यावर जायला आधी विकायची अक्कल लागते.

थंडीचे कपडे घेऊन जा, सप्टेंबरात दिवसा उकडतं पण पहाटे त्या खोऱ्यात गारठा असतो. भडंग आणि शेंगाचटणी थोडीच ने, वाटून खायला. तोडणीची कात्री ते देतात, पण हातमोजे आपले असू देत.

तू तिथं तोडणीत असशील तेव्हा आमची इथं फळछाटणी चालू असेल. माझ्या विहिरीकडच्या प्लॉटमधल्या जुन्या थॉमसनच्या चार ओळी यंदा मी काढणार होतो, त्या ठेवल्यात. प्रत्येक वेलाला नंबर टाकून घेतो, फूट कधी निघाली, घड किती, मणी कसा, तेवढं लिहून ठेवतो. तू डिसेंबरात आलीस की पाणी उतरायच्या आधी आपण दोघं मिळून ओळीतनं फिरू, तुझी वही आणि माझी वही घेऊन. तिकिटाची तारीख ठरली की कळव, बेळगावच्या स्टँडवर सोडायला मी येतो.

तुझा,
काका