पगार आधी स्वतःच्या खात्यात घ्या

प्रश्न : सहा वर्षांनी नाशिकरोड कारागृहातून सुटलो. अंबडला लोडिंगचं काम मिळालं, पगार १४,०००. माझं खातं बंद पडलंय, म्हणून पगार थोरल्या भावाच्या खात्यात जातो. वकिलाला दोन लाख घातले म्हणून तो दरमहा ८,००० कापून घेतो. कागद काही नाही. एवढी वर्षं बायकोने शिलाईवर घर चालवलं. आतल्या सुतारकामाच्या मजुरीचे २१,००० उरलेत. त्यातून बाईकचं डाऊन पेमेंट भरू का?
– एक वाचक, सिडको (पत्र संक्षिप्त)

उत्तर : दादा, बाईकचं नंतर बघू. तुमचं खातं बहुतेक बंद झालेलं नाही, निष्क्रिय झालंय. दोन वर्षं व्यवहार नसला की तसं होतं. आधार, पॅन, फोटो घेऊन बँकेत जा आणि केवायसी नव्याने करा. खातं चालू करून द्यायला बँक पैसे घेत नाही, आणि निष्क्रिय खात्यावर मिनिमम बॅलन्सचा दंडही लावता येत नाही. मात्र खात्याला जोडलेला जुना मोबाइल नंबर तपासा. इतकी वर्षं बंद असलेलं सिम आज भलत्याच माणसाच्या खिशात असू शकतं आणि तुमचे ओटीपी त्याला जातील. आधारवरचा नंबर आधार केंद्रात बदला, बँकेतला बँकेत. जुनं खातं नकोच वाटलं तर जनधनचं झिरो बॅलन्स खातं काढा. मग कंपनीच्या ऑफिसात पासबुकाची झेरॉक्स द्या. भावाशी भांडायची गरज नाही, ‘पीएफसाठी माझंच खातं लागतं’ एवढं पुरे.

एक धोका आवर्जून सांगते, कारण नुकत्याच सुटलेल्या माणसाकडे हे लोक हटकून येतात. ‘तुझं खातं आणि एटीएम कार्ड वापरायला दे, महिन्याला दोन-तीन हजार घे.’ त्या खात्यातून ऑनलाइन फसवणुकीचे पैसे फिरतात आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात. तुमच्या बाबतीत पुढे काय होईल हे मी सांगायला नको. फोनवरून पैसे देणं-घेणंही तुम्हाला नवं असेल : पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कुणी मागितला तर तो चोर.

आता भाऊ. त्याने अडीअडचणीला पैसे घातले, ते फेडा. पण वकिलाच्या पावत्या मागा, एका कागदावर रक्कम लिहा, दोघांच्या सह्या घ्या आणि दर महिन्याला वजावट मांडा. १४,००० मधून ८,००० हा हप्ता नव्हे, उपासमार आहे. ३,००० म्हणा. तो चिडेल. चिडू दे. फक्त ते फेडायला सावकाराकडे जाऊ नका. गेलातच तर त्याचा परवाना आधी बघा, राज्यात २०१४ च्या कायद्याने तो सक्तीचा आहे. प्रकरण हाताबाहेर गेलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्याला मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००.

तुमच्या मूळ पत्रात वकिलाच्या पैशांचा हिशोब पानभर आहे आणि बायकोचा एका वाक्यात. सहा वर्षांचं भाडं, किराणा, पोरांच्या फिया, तुम्हाला भेटायला यायचे रिक्षाचे पैसे, हे तिने कुठून आणले ते विचारलंत का? बचत गटाचं कर्ज असेल, कुठे मंगळसूत्र गहाण असेल. आधी ते ऐका. २१,००० पैकी निम्मे त्यात घाला, उरलेले दोघांच्या जॉइंट खात्यात टाका, आणि एटीएम कार्ड काही महिने तिच्याकडेच राहू द्या.

बाईकचा विषय पुढच्या दसऱ्याला काढा. तोवर अंबडला सिटी बस जाते.