गोव्यात एकच नगराध्यक्ष वर्षानुवर्षे का टिकत नाही?

परदेशात छोट्या शहरांचा एकच महापौर वीस-वीस वर्षं असतो, तसं गोव्यात कुणी आहे का, असं तुम्ही विचारलंय. महापौर गोव्यात फक्त पणजीला. मडगाव, म्हापसा, फोंडा, डिचोली इथे 1968 च्या पालिका कायद्याखालचा नगराध्यक्ष असतो. त्याला लोक थेट निवडून देत नाहीत, नगरसेवक आपल्यातून निवडतात. टिकण्याचं गणित तिथेच बिघडतं.

मडगावात 25 प्रभाग, म्हणजे 13 डोकी ज्याच्याकडे त्याची खुर्ची. या निवडणुकांत बहुधा पक्षचिन्ह नसतं, पॅनल असतं आणि पॅनलमागे आमदार. थोडे महिने तू, थोडे महिने मी, हे बऱ्याचदा आधीच ठरलेलं असतं. वेळ झाली आणि गडी राजीनामा देईना, की आलाच अविश्वास ठराव. 2022 च्या सप्टेंबरात मडगावला नगराध्यक्ष निवडताना गुप्त मतदान झालं आणि सत्ताधाऱ्यांचा उमेदवार 15-10 असा पडला. सरकारने वटहुकूम काढून हात वर करून मतदान आणलं आणि निवडून आलेल्याची खुर्ची थोड्याच दिवसांत गेली!

टिकतो तो नगरसेवक. आम्ही म्हापशाचे. आमच्या प्रभागातले एक भाई कितीतरी निवडणुका काढून बसलेत. मध्ये नगराध्यक्षही होऊन गेले, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. पावसाआधी गटारावरची लादी उचलून आत डोकावल्याशिवाय ते कंत्राटदाराच्या कामाला बरं म्हणत नाहीत. चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटोळीच्या (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या) बाजारात गावची बायामाणसं कवंडळं, सुपारीची शिपटी घेऊन रस्त्याकडेला बसतात. सोपो, म्हणजे बाजारात बसण्याची पट्टी, घेणारा पावतीपेक्षा जास्त मागू लागला की भाईंना फोन जातो. ते येतात, पावती हातात घेऊन मोठ्याने वाचतात. बास, तेवढंच.

बाकी अधिकार म्हणाल तर फाइल मुख्याधिकाऱ्याच्या सहीशिवाय हलत नाही आणि तो सरकारने पाठवलेला माणूस. त्यामुळे अर्धी कारकीर्द त्याच्या केबिनबाहेरच्या बाकावर जाते.

शिवाय आरक्षण फिरतं. भाईंचा प्रभाग महिलांसाठी राखीव झाला तेव्हा वहिनी उभ्या राहिल्या, निवडूनही आल्या. पहिलं वर्षभर लोक भाईंनाच फोन करायचे. मग वहिनींनी पाण्याच्या टँकरवरून एका अभियंत्याला भर रस्त्यात झापलं आणि फोन त्यांच्याकडे जायला लागले. पुढच्या खेपेला प्रभाग पुन्हा खुला झाला, तरी अर्ज वहिनींनीच भरला.