दाखल्याच्या अर्जावर सही करू नका

मोहोळ तालुक्यातल्या एका ताईंनी लिहिलंय. मुलगी गावच्या जिल्हा परिषद शाळेत सहावीत आहे. पोषण आहाराच्या तांदळात अळ्या निघाल्या, मग सलग चार दिवस खिचडीच शिजली नाही. ताईंनी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार केली. तेव्हापासून मुलीला मागच्या बाकावर एकटं बसवतात, वर्गात 'तक्रारवालीची पोरगी' म्हणतात. मुख्याध्यापक म्हणतात, "पटत नसेल तर दाखला काढून न्या." वर शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांनी पाच लाखांच्या अब्रुनुकसानीची वकिली नोटीस धाडली आहे.

ताई, आधी दाखल्याचं बघू, कारण खरा धोका तिथेच आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 16 नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलीला शाळेतून काढता येत नाही. हे मुख्याध्यापकांनाही ठाऊक असतं. म्हणून ते काढत नाहीत, तुमच्याकडून अर्ज लिहून घेतात. कोरा कागद पुढे करतील आणि सांगतील, 'स्वखुशीने दाखला मागत आहे, एवढंच लिहा.' त्यावर सही झाली की तुम्हाला हाकललं हे पुढे सिद्ध करणं फार अवघड जातं. माझ्याकडे अशा सह्या करून आलेले पालक बसून रडलेत. सही करू नका. घरातल्या थोरल्यांनाही आजच सांगून ठेवा, कारण तुम्ही रानात असताना शाळेतून बोलावणं येतं आणि आजोबा अंगठा देऊन येतात.

मुलीला दिला जाणारा त्रास हा वेगळा विषय आहे, त्याचा अर्जही वेगळा करा. खिचडीच्या तक्रारीत तो मिसळू नका. कलम 17 मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे आणि असं करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होते. अर्जात तारीख, तास, कोण काय बोललं, त्याच शब्दांत लिहा. मात्र रोज संध्याकाळी पोरीची उलटतपासणी घेऊ नका. ती आपणहून सांगेल तेवढंच वहीत टिपा. कलम 32 खाली अर्ज जिल्हा परिषदेकडे द्या, प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. निर्णय तीन महिन्यांत द्यावा लागतो. त्यावर समाधान झालं नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे.

आता खिचडी. सहावी ते आठवीच्या मुलाला दिवसाला 150 ग्रॅम तांदूळ ठरलेला आहे. आहार न मिळालेल्या दिवसांचा अन्नसुरक्षा भत्ता द्यावा लागतो, आणि सलग तीन शाळेचे दिवस आहार बंद राहिला तर जबाबदारी निश्चित करावी लागते. माध्यान्ह भोजनाचे 2015 चे नियम तसं सांगतात. तुमचे तर चार दिवस झाले. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहिती अधिकारात त्या महिन्याची चव नोंदवही (आहार चाखून शेरा लिहितात ती वही) आणि तांदळाच्या साठा नोंदवहीच्या प्रती मागा. न शिजलेल्या दिवशी 'चव उत्तम' लिहिलेलं सापडलं तर तुमच्या बाजूने तोच सगळ्यात मोठा पुरावा.

नोटिशीने घाबरून जाऊ नका. ते वकिलाचं पत्र आहे, कोर्टाचं समन्स नव्हे. अधिकार असलेल्या अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार अब्रुनुकसानी ठरत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्येच तसा अपवाद आहे. पण तुम्ही गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अध्यक्षांना 'तांदूळचोर' लिहिलंय, तिथे हा अपवाद सहज लागू होणार नाही. तुमची बाजू तेवढीच कच्ची आहे, हे मी लपवणार नाही. ग्रुपवर आता एक अक्षरही लिहू नका आणि जुना मेसेज आपल्या मनाने पुसूही नका. उत्तर वकिलाकडूनच जाऊ द्या. वकिलाकडे जाताना नोटिशीचा लिफाफाही न्या, त्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्याची तारीख लागेल.